जीपचा पिकअप आणि आईंचा जप

साकोलीकडच्या एका गावात सासूबाईंच्या भाच्याचं लग्न होतं. ते आटोपून आम्ही तिघं जीपनं भिलाईला परत येत होतो. राजनांदगाव सोडलं आणि पुढे धानाच्या कोंड्याचा ट्रक लागला. वरची ताडपत्री मधोमध फाटली होती आणि त्या भोकातून कोंडा सारखा उडत होता. आमची जीप उघडी. उन्हाळा म्हणून तिचं कापडी छप्पर काढून घरीच ठेवलं होतं. पहिल्या पाचेक मिनिटांतच तिघांच्या अंगावर बारीक पिवळा थर चढला.

गाडी हे चालवत होते. हे म्हणजे माझे यजमान, पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये फोरमन. रस्ता मोकळा दिसला की ते जीप उजवीकडे काढायचे, एक्सिलरेटर पार तळाला दाबायचे, इंजिन मोठा आवाज करायचं आणि जीप ट्रकच्या मागच्या चाकापर्यंत जाऊन तिथंच रेंगाळायची. तेवढ्यात समोरून कोणीतरी यायचं. मग पुन्हा मागे. असं करत करत दुर्ग आलं. ट्रक तिथं कोंड्याचं तेल काढणाऱ्या एका कारखान्याकडे वळला आणि आम्हाला रस्ता दिसला.

नेहरू नगरला घरासमोर उतरलो तेव्हा शेजारच्या काकूंनी आम्हाला चटकन ओळखलं नाही. सासूबाईंच्या लग्नातल्या नव्या लुगड्याच्या प्रत्येक चुणीत कोंडा बसला होता. त्यांनी अंगणात उभ्यानंच पदर झटकला आणि मुलाला शांतपणे म्हणाल्या, "अरे, हे जीप मागं मागंच राहते. कावून राहते ते पाह्य."

जीप मागे का राहते ते पाहा, एवढंच. ह्यांना तेवढं पुरलं.

ती जीप फौजेच्या लिलावातून आलेली होती. पेट्रोलवर चालणारी, जुनी, स्टिअरिंग डाव्या हाताला, पण पत्रा मजबूत. ती घ्यायचं कारण मी होते. मी नंदिनी नगरच्या शाळेत शिकवत होते. चुनखडीच्या खाणींसाठी वसवलेली ती वस्ती आमच्या घरापासून बरीच लांब आणि बसच्या वेळा शाळेच्या वेळांशी कधी जुळायच्या नाहीत. ह्यांची शिफ्टची नोकरी, त्यामुळे रोज सोडायला येणं शक्य नव्हतं. म्हणून ह्यांनी मला जीप शिकवली आणि सुपेला, पॉवर हाऊस, जामुल करत मी रोज एकटी जाऊ लागले. नंदिनीच्या रस्त्यावर गिट्टीचे, म्हणजे खडीचे, ट्रक रांगेनं चालायचे. त्यांच्या मागे धूळ खात जायची मला सवय झाली होती. साडी शाळेत पोचेपर्यंत पांढरी व्हायची. गाडीला पिकअप नाही, दाबली तरी ती वेग घेत नाही, एवढंच मी घरी सांगायची. पण आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, अंगावर कोंडा पडेपर्यंत त्या तक्रारीत कोणी लक्ष घातलं नव्हतं.

आता लक्ष घातलं गेलं, आणि मला काळजी वाटू लागली. कारण ह्यांना कुठलीही वस्तू उघडायची फार हौस. आमचा टेबल फॅन उघडला गेला होता, तो एका टोपलीत होता. ह्यांचं मनगटी घड्याळ उघडलं गेलं होतं, ते एका वाटीत होतं. भिंतीवरचा रेडिओ पाठ उघडी टाकून भिंतीकडे तोंड करून बसला होता. जीपचं इंजिन असं अंगणात पसरलं तर मी शाळेत कशी जाणार? म्हणून मी अट घातली. इंजिन उघडायचं नाही. जे काही करायचं ते बाहेरून, पाना लावून, बोल्ट आवळून, आणि सोमवारी सकाळी गाडी चालू पाहिजे. ह्यांनी थोडा विचार केला आणि कबूल केलं. एवढंच नाही, त्यांना त्या अटीची गोडी लागली. बाहेरून बसेल तेवढंच बदलून गाडी पळवून दाखवायची, ही त्यांच्या डोक्यात एक स्पर्धाच झाली.

सुरुवात हवेपासून झाली. इंजिनला हवा गाळून देणारं जुनं भांडं तेलाचं होतं आणि त्यात गाळ साचून चिखल झाला होता. ते काढून ह्यांनी एका ट्रकचा कागदी फिल्टर बसवला आणि त्याला एक पाइप जोडून पुढे रेडिएटरच्या बाजूला नेला, गार हवा मिळावी म्हणून. पहिल्या दिवशी मला खरंच फरक वाटला. दुसऱ्या दिवशी थोडा कमी. आठवडा संपेपर्यंत जीप आधीपेक्षाही मंद झाली. फिल्टर काढून पाहिला तर नंदिनीच्या रस्त्याची सगळी धूळ त्या कागदाच्या घड्यांत भरलेली. मग ह्यांनी पाइपाच्या तोंडावर आधी जाड धूळ खाली पाडणारी एक डबी लावली आणि फिल्टर दर रविवारी झटकायचा असं ठरलं. झटकायचं काम आईंनी स्वतःहून घेतलं. त्या सूप पाखडावं तशा तो फिल्टर हातावर आपटायच्या.

नंतर सायलेन्सर. जुना आतून गंजून अर्धा बुजला होता. पॉवर हाऊसच्या बाजारातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून ह्यांनी जास्त रुंद पाइप वाकवून आणला आणि मागे एक सरळ, पोकळ सायलेन्सर लावला. सुरू केली तेव्हा गल्लीतली कुत्री उठली. ह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते लग्नाच्या फोटोतही नाही. शाळेत तर माझी फार सोय झाली. मी फाटकापाशी येण्याच्या आधीच वर्ग शांत होऊन बसलेला असायचा. मुख्याध्यापिका बाईंनी एकदा मला बोलावून फार गोड शब्दांत विचारलं, की गाडीला काही आजार झालाय का. मी सांगितलं, पिकअप वाढवून राहिलो. त्यांना वाटलं मी काहीतरी औषधाचं नाव घेतलं.

पिकअप वाढला की नाही हे मोजायचं कसं, हा प्रश्न होता. जामुलच्या पुढे एक सरळ, रिकामा तुकडा होता. एका पुलियापासून, म्हणजे छोट्या पुलापासून, ते मोहाच्या मोठ्या झाडापर्यंत. रविवारी सकाळी तिथं पुलियाजवळ गाडी थांबवायची आणि जोरात सोडायची. पण वेळ मोजायला घड्याळ कुठून आणायचं? ह्यांचं वाटीत. माझ्या बायकी घड्याळाला दोनच काटे. तेव्हा आई म्हणाल्या की त्यांचा रामनामाचा जप गेली कित्येक वर्षं एका लयीत चालतो, त्यात फरक म्हणून पडत नाही. पुलियापासून झाडापर्यंत किती मणी सरले ते त्या सांगतील. ह्यांना ती कल्पना फारच पसंत पडली.

तर असं ठरलं. गाडी मी चालवायची, कारण रस्ता माझा रोजचा. हे बाजूला बसून मान बाहेर काढून इंजिनचा आवाज ऐकणार. आई मागच्या बाकावर तुळशीची माळ घेऊन. फिल्टर आणि सायलेन्सर लावायच्या आधीचा एक आकडा आईंच्या लक्षात होता, कारण एकदा त्याच रस्त्यानं त्या माझ्यासोबत आल्या होत्या आणि सवयीनं जपत होत्या; नेमकी पुलियाशी नवी माळ सुरू झाली होती आणि झाड आलं तेव्हा कितवा मणी हातात होता ते त्यांना आठवत होतं. नवा सायलेन्सर लावून मी जीप सोडली. मोहाचं झाड आलं. आईंनी अंगठा एका मण्यावर धरून ठेवला आणि मोजून सांगितलं. मणी तेवढेच. एकही कमी नाही.

 घरी येऊन जेवताना हे एवढंच म्हणाले, की म्हणजे आपण नुसता आवाज वाढवला.

पण ते हार मानणारे नव्हते. पुढच्या आठवड्यात प्लग बदलले, ठिणगीची कॉइल जास्त जोराची लावली. पुन्हा पुलिया, पुन्हा झाड. मणी तेवढेच. मला गाडी चालवताना वाटत होतं की काहीतरी बदललंय, तिसऱ्या गिअरमध्ये आता ती पूर्वीसारखी कण्हत नाही. मी तसं बोलून दाखवलं. ह्यांनी मान हलवली. वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं, आणि शिक्षिका असून मी वाटण्यावर जाते याचं त्यांना थोडं नवल वाटलं.

मग पावसाळा संपल्यावर त्यांनी कार्बोरेटर आणला. भंगारात आलेल्या एका मोठ्या मोटारीचा, दोन तोंडांचा. आमच्या जीपचा एकाच तोंडाचा होता. दोघांचे बोल्ट जुळत नव्हते, म्हणून एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची जाड पट्टी करून आणली. खालून ती इंजिनवर बसायची आणि वरून तिच्यावर नवा कार्बोरेटर. मध्ये पॅकिंग कापून घातलं. शनिवारी दुपारी काम सुरू झालं आणि रविवारी सकाळी, माझ्या अटीच्या एक दिवस आधीच, जीप चालू उभी होती.

पण त्या गाडीला आता एक खोड लागली. एक्सिलरेटर एकदम दाबला की ती क्षणभर मरायची. अगदी मरायचीच, जसं कोणी बटण बंद केलं. आणि मग दचकून जागं व्हावं तशी पुढे उडी मारायची. सोमवारी मी शाळेत पोचले तेव्हा माझा डबा सीटखालून थेट पायाशी आला होता. ट्रकला ओलांडायला जाताना गाडी अशी मध्येच मेली तर काय, या विचारानं मी तो आठवडा ट्रकांच्या मागूनच गेले. हे रोज संध्याकाळी स्क्रू फिरवायचे, आणि मी रोज सकाळी तीच तक्रार घेऊन यायची.

थंडीचे दिवस सुरू झाले होते. एका सकाळी गाडी गार होती म्हणून मी चोक थोडा ओढलेलाच ठेवला आणि जामुलपर्यंत तो ढकलायचं विसरले. मध्ये एक सायकलवाला एकदम आडवा आला, मी ब्रेक मारला आणि नंतर घाईनं एक्सिलरेटर दाबला. जीप न मरता सरळ निघाली. मी चोक ढकलला, पुन्हा दाबून पाहिलं. मेली. पुन्हा ओढला. निघाली. शाळेत दिवसभर मी वर्गात शिकवत होते, पण डोक्यात तेच चालू होतं. चोक ओढला म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. म्हणजे एकदम दाबताना तिला पेट्रोल कमी पडून राहिलं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि टॉर्च घेऊन अंगणात गेले. कार्बोरेटरमध्ये एक बारीकसा पंप असतो. एक्सिलरेटर दाबला की तो पेट्रोलची एक छोटी पिचकारी आत सोडतो. तो उघडल्यावर दिसलं की त्याच्या टोकाची कातड्याची टोपी भंगारात पडून पडून वाळली होती, खारकेसारखी कडक. ती कडेनं चिकटतच नव्हती, मग पेट्रोल कशाला ढकलेल.

"आई, एरंडेल आहे का?" ह्यांनी विचारलं.

आईंना वाटलं, पोट बिघडलं. त्यांनी आधी काय खाल्लं ते विचारलं. मग कातड्याची ती टोपी पाहिली आणि बाटली आणून दिली. टोपी एका वाटीत एरंडेलात भिजत पडली, घड्याळाच्या वाटीशेजारीच. सकाळपर्यंत ती चांगली मऊ झाली होती. बसवली, आणि जीपचं ते मरणं संपलं. मी एक्सिलरेटर दाबला आणि पाठ सीटला टेकली. असं या गाडीत पहिल्यांदा होत होतं.

त्या रविवारी आम्ही तिघं मोठ्या उमेदीनं पुलियाजवळ गेलो. मी गाडी सोडली. मोहाचं झाड असं अंगावर आलं की मला ब्रेक लवकर दाबावा लागला. हे हसत होते. मागे वळून त्यांनी आईंना विचारलं. आईंनी मणी मोजले. तेवढेच.

ह्यांचं हसणं गेलं. मी मात्र या वेळी आरशात पाहिलं होतं. गाडी सुटल्यावर आईंचे ओठ इतके भराभर हलत होते की नुसते थरथरताना दिसत होते आणि माळ बोटांतून पळत होती. मी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की गाडी जेवढी जोरात, तेवढा जप जोरात. आकडा बदलणार कसा?

ह्यांनी आईंकडे पाहिलं, आणि पुलियाच्या कठड्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आईंनी ते ऐकलंच होतं, त्यांना आधी राग आला. त्यांना भीती वाटत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग जरा वेळानं स्वतःच म्हणाल्या, "गाडी जोरात गेली का नाव बी जोरातच येते बाप्पा तोंडात. त्याले मी काय करू?"

पुढच्या रविवारी मी शाळेच्या खेळाच्या शिक्षकांकडून शर्यतीचं घड्याळ मागून आणलं. ह्यांनी तेवढ्यासाठी जुना कार्बोरेटर, जुना सायलेन्सर, सगळं एकेक करून परत लावलं आणि प्रत्येक वेळी मोजलं. सगळंच बाहेरून बोल्टांवर असल्यामुळे सकाळच्या उन्हात रस्त्याच्या कडेलाच ते काम होत होतं. जाणारे सायकलवाले थांबून विचारायचे, गाडी बिघडली का. हे सांगायचे, नाही, सुधरून राहिली. मोजल्यावर कळलं की ज्या सायलेन्सरचा त्यांना सगळ्यात अभिमान होता, त्यानं एकट्यानं फारसं काहीच केलं नव्हतं. खरा फरक कार्बोरेटरनं पडला होता. मात्र तो लावून जुना बुजका सायलेन्सर ठेवला की अर्धा फायदा पळून जायचा. दोघं मिळूनच काम करत होते. ही गोष्ट आईंना समजावून सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि एरंडेलाचं नाव कोणी घेत नाही, असं म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यातली एका शनिवारची गोष्ट. आमच्या शाळेच्या मुलींचा कबड्डीचा संघ दुर्गला सामन्यांसाठी जायचा होता. शाळा पहिल्यांदाच मुलींचा संघ पाठवत होती. ठरलेली बस आलीच नाही. रस्त्यात कुठेतरी बंद पडल्याचा निरोप आला. खेळाचे शिक्षक नाव नोंदवायला मोटारसायकलवर आधीच पुढे गेले होते. मुली गणवेश घालून फाटकाशी उभ्या. वेळेवर नाही पोचलो तर संघ बाद होणार होता. मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यातून माझ्याकडे पाहत होत्या आणि मी जीपकडे.

त्या दिवशी आई माझ्यासोबत आल्या होत्या. नंदिनी नगरला त्यांच्या माहेरकडच्या एक बाई राहायच्या, त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. ते सोडून आई माझ्या बाजूला बसल्या, मागे दोन्ही बाकांवर मुली दाटीवाटीनं, आणि आम्ही निघालो.

एवढं वजन घेऊन जीप कधी धावली नव्हती. पहिला ट्रक खाणीच्या फाट्यापुढेच लागला, गिट्टीनं भरलेला. मी नेहमीच्या सवयीनं त्याच्या मागे वेग कमी केला. मागून एका मुलीनं हळूच विचारलं, की मॅडम, अब क्या होगा.  

आईंनी उजवीकडच्या उघड्या बाजूनं मान काढून पुढे पाहिलं. माळ त्यांच्या मुठीत होती, पण जप बंद होता.

"समोर मोकळं आहे," त्या म्हणाल्या. "घे आता."

मी दुसरा गिअर टाकला, उजवीकडे काढली आणि एक्सिलरेटर दाबला. जीप मेली नाही, रेंगाळली नाही. ट्रकचं मागचं चाक गेलं, मग ड्रायव्हरचा दरवाजा, त्यानं आमच्याकडे आश्चर्यानं पाहिलं तेही दिसलं, आणि पुढचा रस्ता स्वच्छ होता. धूळ मागे राहिली. मुली सगळ्या एकाच वेळी बोलू लागल्या. जामुलपर्यंत असे कितीतरी ट्रक गेले. प्रत्येक वेळी आई मान काढून बघायच्या, मोकळं असेल तर सांगायच्या आणि नसेल तर माझ्या हातावर हात ठेवायच्या. भीती मलाही वाटत होती. पण त्या भीतीत एक आनंद होता, तो मी नंतर मोठ्या गाड्यांमध्ये बसूनही पुन्हा अनुभवला नाही.

दुर्गच्या मैदानावर पोचलो तेव्हा आमच्या शाळेचं नाव पुकारत होते. मुली धावतच मैदानात गेल्या.

आणि हरल्या. अगदी साफ हरल्या. समोरचा संघ राजनांदगावचा होता, अंगानं दणकट आणि खेळानं तयार. आमच्या मुलींना अजून प्रवासाचीच धुंदी होती. सामना इतक्या लवकर संपला की आईंनी पानाचा डबा उघडून पान लावेपर्यंत मुली परत आल्या. मला वाटलं, रडतील. पण मैदानाबाहेरच्या गाडीवर समोसे खाताना त्या हरल्याबद्दल बोलतच नव्हत्या. कुठल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं कसं तोंड केलं, त्याचीच नक्कल चालली होती. त्यांच्यातली कप्तान माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, वापसी में भी ओवरटेक करना."

परतीच्या रस्त्यावर एकही ट्रक नव्हता. मुलींचा फार विरस झाला. मी हळूहळूच चालवली, आईंना झोप लागली होती.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा हे नुकतेच शिफ्टवरून आले होते. आईंनी दारातूनच सांगायला सुरुवात केली, बस कशी आली नाही, मुली कशा कोंबून बसल्या, मी किती ट्रक मागे टाकले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मुली जिंकल्या का, हे काही त्यांनी विचारलं नाही.

"कोणत्या गिअरमध्ये काढली?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, दुसऱ्यात. त्यांनी विचारलं, भरल्या गाडीनं? मी म्हटलं, भरल्या गाडीनं, आणि तिसरा टाकताना सुद्धा ओढत होती. मग त्यांना इंजिन तापलं का ते पाहिजे होतं, चढावर काय झालं ते पाहिजे होतं. आई मध्येच त्यांना दुरुस्त करत होत्या, कुठला ट्रक आधी आणि कुठला नंतर. भात निवला तरी आम्ही तिघं तेच बोलत बसलो होतो.